कुत्र्यामागे धावलेला ससा

एक होता राजा. त्याच्या सर्वांगावर गाठी उठलेल्या. वैद्य झाले, जडीबुटी झाली, उतार म्हणून पडेना. त्याची राणी रूपानं देखणी आणि डोक्यानं शहाणी. ती म्हणाली, ही जागा आपल्याला मानवत नाही, नदी ओलांडू या. मग वर्धेच्या उजव्या काठावरची शिरपूरची राजधानी सोडून दोघं डाव्या काठावर आले. तिथं किल्ला बांधला. तेच आजचं बल्लारपूर. जागा बदलली, पण दुखणं सोबत आलं. राणीची सेवाही सोबत आली.

पुढे एकदा राजा शिकारीला निघाला. तहानेनं जीव कासावीस झाला आणि झरपट नदीचं पात्र तर कोरडं ठणठणीत. शोधता शोधता एका खळग्यात थोडं पाणी दिसलं. राजा ते ओंजळीनं प्याला, तोंड-हातपाय धुतले आणि परतला. त्या रात्री त्याला किती तरी दिवसांनी गाढ झोप लागली. सकाळी राणीनं पाहिलं, तर जिथं जिथं पाणी लागलं होतं तिथल्या गाठी गेलेल्या. तिनं राजाला खोदून खोदून विचारलं, त्याला घेऊन त्या जागी गेली, वाळू-गवत बाजूला करवलं. खाली खडकात गाईच्या पावलांचे पाच ठसे आणि त्यांत न आटणारं पाणी. राजा त्यात न्हाला आणि बरा झाला. त्या जागी अंचलेश्वराचं देऊळ उभं राहिलं.

गोष्ट इथं संपायला हरकत नव्हती. पण त्याच परिसरात राजाला एके दिवशी नवल दिसलं. एक ससा त्याच्या शिकारी कुत्र्याच्या मागे लागला होता. कुत्रा पुढे, ससा मागे. भलंमोठं रिंगण घेत दोघं धावले आणि शेवटी कुत्र्यानं उलटून सशाला मारलं. सशाच्या कपाळावर चंद्रासारखा पांढरा ठिपका होता. राजानं हे राणीला सांगितलं. राणी म्हणाली, शकुन चांगला आहे. ससा ज्या वाटेनं धावला त्या वाटेनं कोट बांधा आणि आत नगर वसवा. जिथं ससा मेला तिथं मात्र जपा, नगराला धोका तिथून आहे.

त्या नगराचं नाव चंद्रपूर. राजाचं नाव खांडक्या बल्लाळशाह. राणीचा उल्लेख सांगणारे बहुतेकदा नुसता ‘राणी’ असाच करतात.

ही कथा चंद्रपुरात आजही सांगितली जाते. ब्रिटिश अधिकारी मेजर लुसी स्मिथ यांनी चांदा जिल्ह्याच्या जमाबंदीच्या अहवालात, १८६९ साली, गोंड राजघराण्याच्या हकिकती नोंदवल्या आणि त्यानंतरच्या गॅझेटियरांनी त्यांचाच आधार घेतला. बल्लाळशाहाचा काळ सहसा पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात धरतात. लुसी स्मिथ यांनी दिलेल्या राजावलीतल्या सनावळ्या इतिहासकार जशाच्या तशा मानत नाहीत. पण आपल्याला इथं सनावळीपेक्षा गोष्टीच्या घडणीशी काम आहे. कारण आजारानं विद्रूप झालेला राजा, त्याला न सोडणारी तरुण राणी, औषधी पाणी, उलट्या चालीचा प्राणी आणि खुणा वाचणारी बाई, एवढा ऐवज ज्या कथेत आहे, ती कथा आज जगभरातले तरुण वाचक ज्या प्रकारच्या पुस्तकांवर तुटून पडतात, त्या पुस्तकांचा तयार आराखडा आहे.

जुन्या गोष्टीला नवं वय

गेल्या दहा-पंधरा वर्षांत इंग्रजी पुस्तकांच्या दुकानांत एक फळी वाढत गेली आहे. साधारण बारा ते अठरा वयाच्या वाचकांसाठी लिहिलेल्या, जादू आणि प्रेम दोन्ही असलेल्या, आणि एखाद्या जुन्या लोककथेवर उभ्या राहिलेल्या कादंबऱ्यांची ही फळी. तिला ‘यंग अडल्ट फँटसी’ म्हणतात. त्यात प्रेमाचा धागा जाड असला की अलीकडे ‘रोमँटसी’ म्हणतात. मॅरिसा मायर यांच्या ‘सिंडर’मध्ये (२०१२) सिंड्रेला ही शरीराचा काही भाग यंत्राचा असलेली मेकॅनिक आहे. रेने अहदिए यांच्या ‘द रॅथ अँड द डॉन’मध्ये (२०१५) ‘अरबी रात्रीं’तली शहरजाद आपल्या मैत्रिणीच्या खुनाचा सूड घ्यायला खलिफाशी लग्न करते. रोशनी चोक्शी यांची ‘द स्टार-टच्ड क्वीन’ (२०१६) भारतीय पुराणकथांच्या मातीतून उगवते. आणि सारा जे. मास यांच्या ‘अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस’च्या (२०१५) मुळाशी आहे ‘ब्यूटी अँड द बीस्ट’.

या शेवटच्या कथेचा प्रवास थोडक्यात पाहण्यासारखा आहे. अदृश्य नवऱ्याशी संसार करणाऱ्या सायकीची कथा लॅटिन लेखक अपुलियस यानं इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात लिहिली. फ्रान्समध्ये मादाम द व्हिलनव्ह यांनी १७४० मध्ये तिच्या जातकुळीची ‘सुंदरी आणि श्वापद’ ही लांबलचक कथा रचली. लंडनमध्ये मुलींना शिकवणाऱ्या मादाम ल प्रँस द बोमाँ यांनी १७५६ मध्ये ती छाटून आटोपशीर केली, आणि जगानं हीच आवृत्ती लक्षात ठेवली. ज्या काळात मुलीला न विचारता तिचं लग्न ठरे, त्या काळात ‘वरवर भयंकर दिसणारा नवराही आतून चांगला निघू शकतो’ हा दिलासा म्हणा किंवा उपदेश म्हणा, त्या कथेत होता. पुढे १९७८ मध्ये रॉबिन मॅकिन्ली यांनी ‘ब्यूटी’ ही कादंबरी लिहिली आणि नायिकेला तिच्याच तोंडून गोष्ट सांगू दिली. लगेच १९७९ मध्ये अँजेला कार्टर यांनी ‘द टायगर्स ब्राइड’ या कथेत उपदेशच उलटा केला: तिथं वाघाचा माणूस होत नाही, मुलगीच वाघीण होते.

लोककथा अशा उलटसुलट करता येतात, कारण त्यांची बांधणीच तशी असते. स्विस अभ्यासक माक्स ल्यूथी यांनी १९४७ मध्ये युरोपीय लोककथेच्या शैलीवर लिहिताना दाखवलं की कथेतल्या माणसांना खोली नसते. राजा दुःखी झाला म्हणजे किती, का, त्याला रात्री काय वाटलं, हे कथा सांगत नाही. माणसं काय करतात तेवढं सांगते आणि पुढे जाते. ही उणीव वाटेल, पण कथा तोंडातोंडी टिकते ती यामुळेच. नेमकी हीच मोकळी जागा कादंबरीकाराला हवी असते. तो सहसा तीन गोष्टी करतो. गोष्ट कोण सांगतं ते बदलतो. कथेनं न सांगितलेली कारणं शोधतो. आणि शेवट पुन्हा तपासतो. तरुण वाचकाला यातलं तिसरं फार जवळचं वाटतं. घरानं, गावानं, जातीनं आधीच लिहून ठेवलेला आपला शेवट बदलता येतो का, हाच तर त्या वयातला खरा प्रश्न असतो.

ससा कुणाचा?

आता चंद्रपूरच्या सशाकडे वळू. तो एकट्या चंद्रपूरचा नाही. साबरमतीकाठी १४११ मध्ये अहमदशाहानं अहमदाबाद वसवलं, त्याची दंतकथा हीच: बादशहाच्या कुत्र्यांवर ससा उलटला आणि बादशहा म्हणाला, शहर इथंच. तुंगभद्रेकाठी विजयनगरची कथाही हीच. सोळाव्या शतकात तिथं आलेला पोर्तुगीज घोड्यांचा व्यापारी फेर्नाव नुनिझ यानं लिहून ठेवलं आहे की शिकारीला गेलेल्या राजाच्या कुत्र्यांना सशानं चावे घेतले, आणि तपस्व्यानं त्या जागी नगर वसवायला सांगितलं. दख्खनमध्ये आणि गुजरातेत नव्या राजधान्यांना हा ससा पुन्हा पुन्हा भेटला आहे.

लोककथेचे अभ्यासक अशा फिरत्या घटकाला कल्पनाबंध म्हणतात. फिनलंडच्या अँटी आर्ने यांनी १९१० मध्ये कथांच्या प्रकारांची यादी केली. अमेरिकेच्या स्टिथ थॉम्पसन यांनी ती वाढवली आणि कल्पनाबंधांची अनेक खंडांची सूची तयार केली. जर्मनीच्या हान्स-योर्ग उथर यांनी २००४ मध्ये प्रकारांची यादी नव्यानं मांडली. त्या यादीत ‘ब्यूटी अँड द बीस्ट’चा क्रमांक ४२५ क आहे. मराठीत या सगळ्या शास्त्राची ओळख दुर्गा भागवतांनी ‘लोकसाहित्याची रूपरेखा’ या ग्रंथात करून दिली. त्यांनी स्वतः गोंडांमध्ये राहून अभ्यास केला होता.

पण यादीत क्रमांक सापडला म्हणजे कथा समजली असं होत नाही. हा ससा राजधान्यांनाच का भेटतो? कारण नव्या सत्तेला सांगायचं असतं की या मातीत दुबळाही बळकट होतो. जुनं घराणं, जुनी राजधानी, जुने पुरोहित ज्याच्या पाठीशी नाहीत, त्याला जमीनच कौल देते. वर्धा-वैनगंगेच्या दुआबातल्या, दिल्ली-दख्खनच्या सुलतानांच्या तुलनेत लहान अशा गोंड राज्याला हा कौल फार सोयीचा होता. जटपुरा दरवाजावर आजही हत्तीवर मात करणारा सिंह कोरलेला दिसतो. गोंड राजांचं हे चिन्ह आणि कुत्र्याला पळवणारा ससा यांचं म्हणणं एकच आहे.

चंद्रपूरच्या कथेचं वेगळेपण सशात नाही. ते शकुन वाचणाऱ्या माणसात आहे. विजयनगरात शकुनाचा अर्थ तपस्वी सांगतो. अहमदाबादेत बादशहा स्वतः ठरवतो. चंद्रपुरात अर्थ राणी सांगते.

रोग गेला, आता पुढे?

‘ब्यूटी अँड द बीस्ट’ आणि बल्लाळशाहाची कथा शेजारी ठेवून वाचल्या की फरक उघडे पडतात. फ्रेंच कथेत बापानं तोडलेल्या एका गुलाबापायी मुलगी श्वापदाच्या घरी जाते. ती ओलीस असते. तिनं ‘मी तुझ्याशी लग्न करीन’ म्हटलं की शाप तुटतो, श्वापदाचा राजपुत्र होतो आणि कथा संपते. प्रेम हे औषध आणि देखणा नवरा हे बक्षीस.

चंद्रपुरात प्रेम आधी आहे, औषध नंतर. राणीनं सेवा केली तेव्हा पाणी सापडलेलं नव्हतं आणि सापडेल याची हमी नव्हती. बरं होणं हे तिच्या प्रेमाचं बक्षीस म्हणून येत नाही. ते कोरड्या नदीच्या खळग्यातून योगायोगानं येतं, आणि त्या योगायोगाचा माग काढते तीच. राजानं पाणी वापरलं आणि तो झोपला. कुठलं पाणी, कुठे, का, हे विचारलं राणीनं. शिवाय राजा बरा झाल्यावर कथा थांबत नाही. खरं तर तिथं ती सुरू होते. दोघांच्या संसाराचं फळ म्हणून कथेत राजपुत्र येत नाही, वंशवेल येत नाही. एक परकोट येतो. चार दरवाजे आणि पाच खिडक्या असलेला. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा, बिनबा हे दरवाजे. हनुमान, विठोबा, बगड, मसाण, चोर या खिडक्या. बल्लाळशाहानं घातलेल्या पायावर पुढच्या राजांनी हे काम तडीस नेलं. रोज ऑटो, एसटी आणि सायकली ज्या जटपुरा गेटातून जातात, ते गेट या प्रेमकथेचा शेवट आहे.

नव्यानं लिहिणाऱ्याला इथं भरपूर वाव आहे. राणी कुठल्या घरची होती? आजारी राजाला मुलगी देताना तिला कुणी विचारलं होतं का? शिरपूर सोडायचं तिनं सुचवलं, तेव्हा दरबारात काय बोललं गेलं असेल? आणि एक अवघड प्रश्न: राजा बरा झालाच नसता तर? आजच्या वाचकाला ‘शरीर नीट झालं म्हणजे सुख मिळालं’ हा शेवट पुरेसा वाटत नाही. अपंगत्व किंवा दुखणं हा शाप आणि देखणेपण ही मुक्ती, हे गणित परीकथांनी शतकानुशतकं गिरवलं. चंद्रपूरची कथा त्या गणिताच्या थोडी बाहेर आहे, कारण तिनं राणीची निष्ठा रोगाच्या दिवसांतच सिद्ध करून ठेवली आहे. चांगला लेखक हे ओळखेल आणि पाण्याच्या प्रसंगाला कथेचा कळस करणार नाही.

झरपटीचं पाणी आज औषधी म्हणावं असं राहिलेलं नाही. शहराचं सांडपाणी आणि जलपर्णी यांनी ती नदी वेढली आहे. जादूची नदी आजारी पडली तर तिला बरं कोण करणार, हे कथानक चंद्रपूरच्या कुठल्याही शाळकरी मुलीला कल्पनेतून आणावं लागणार नाही. आणि परकोटाचंही तसंच. झुडपांनी झाकलेला कोट स्वच्छ करायला २०१७ पासून ‘इको-प्रो’ संस्थेची तरुण मुलं-मुली उतरली, तेव्हा त्यांनी सशाची वाटच पुन्हा मोकळी केली.

हिराई आणि माणिककुंवर

याच घराण्याची दुसरी कथा अधिक काळोखी आहे. राजा बीरशाहाची मुलगी माणिककुंवर देवगडच्या गोंड राजपुत्राला, दुर्गपालाला दिली होती. त्यानं तिचा अपमान केला. बीरशाहानं महाकालीसमोर शपथ घेतली की जावयाचं डोकं तुला वाहीन. लढाई झाली, शपथ पुरी झाली. महाकालीच्या देवळावर देवगडच्या दिशेला तोंड केलेलं दगडी मस्तक त्याचंच, असं सांगतात. पुढे बीरशाह स्वतः लग्नाच्या दिवशी मारला गेला. दुसऱ्या लग्नाला निघालेल्या राजाला हिरामण नावाच्या, जादुई शस्त्र बाळगणाऱ्या माणसानं ठार केलं, अशी हकिकत आहे. मागे राहिली राणी हिराई. तिनं दत्तक पुत्र रामशाह याच्या नावानं अठराव्या शतकाच्या पहिल्या दशकांत राज्य चालवलं, महाकालीचं देऊळ बांधलं आणि अंचलेश्वराजवळ नवऱ्याची देखणी समाधी उभारली. नवऱ्यानं बायकोसाठी बांधलेल्या कबरीचं कौतुक सगळ्या देशाला पाठ आहे. बायकोनं नवऱ्यासाठी बांधलेली ही समाधी चंद्रपूरबाहेर फार थोड्यांना ठाऊक आहे. आणि ज्या नवऱ्यासाठी बांधली, तो दुसरं लग्न करायला निघाला असताना मेला होता, हे लक्षात घेतलं की समाधीच्या दगडांत प्रेमाबरोबर आणखी काय काय आहे, याचा विचार सुरू होतो.

या कथेत सगळ्यात गप्प आहे ती माणिककुंवर. अपमान तिचा झाला, शपथ बापानं घेतली, डोकं नवऱ्याचं गेलं, देऊळ आईनं बांधलं. तिला काय हवं होतं, हे कथा एका शब्दानं सांगत नाही. तरुण वाचकांसाठी लिहिणाऱ्या कुणाही लेखकाचं लक्ष आधी तिच्याकडेच जावं. चैत्रात महाकालीची जत्रा भरते, मराठवाड्यातून, विशेषतः नांदेडकडून, भाविकांचे जथे येतात. त्या गर्दीत उभं राहून देवळाकडे पाहणारी माणिककुंवर ही कादंबरीची सुरुवात होऊ शकते.

जंगल म्हणजे देखावा नव्हे

युरोपीय परीकथेत रान हे हरवण्याचं ठिकाण असतं. चंद्रपूर-गडचिरोलीत रान हे कामाचं ठिकाण आहे. उन्हाळ्यात पहाटे मोहफुलं वेचायला, मग तेंदूपत्ता तोडायला माणसं रानात जातात. तिथं वाघ खरा असतो. मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरी, नागभीड या तालुक्यांत आणि वडसा भागात वाघानं माणूस मारल्याच्या बातम्या नेहमीच्या झाल्या आहेत. कार्टर यांच्या कथेतली मुलगी वाघीण होते तेव्हा लंडनच्या वाचकाला मुक्तीची चाहूल लागते. सिंदेवाहीच्या वाचकाला आधी सरपण आणायला गेलेली शेजारीण आठवेल. म्हणून वाघाला प्रियकर करणारी कादंबरी इथं लिहू नये असं नाही. पण त्या प्रियकराचे दात विसरून चालणार नाही.

इथल्या लोकांनी हा पेच फार पूर्वी सोडवला आहे. वाघाशी झुंजताना मेलेला गोंड पुढारी तारू देव झाला. ताडोबाच्या तळ्याकाठी त्याचं ठाणं आहे आणि पौष महिन्यात तिथं यात्रा भरे. १९५५ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय उद्यानाला त्याचंच नाव आहे. या कथेत वाघ वाईट नाही आणि तारू शिकारीच्या गर्वानं लढलेला नाही. दोघांनाही मान आहे.

जंगलाच्या आत, भामरागड-एटापल्लीकडे, आणखी एक मोह लेखकाची वाट पाहत असतो: गोटुल. तरुण मुलामुलींनी एकत्र येऊन गाण्या-नाचण्याची, शिकण्याची, गावाचं काम करण्याची ही जागा. बस्तरच्या मुरियांच्या गोटुलवर व्हेरिअर एल्विन यांनी १९४७ मध्ये जाडजूड ग्रंथ लिहिला, आणि त्यानंतर बाहेरच्या जगानं गोटुलमध्ये बहुतेक वेळा शृंगारच पाहिला. मुरियांची रीत ती गडचिरोलीच्या माडियांची रीत, असं धरून चालत नाही. तरुणांच्या प्रेमकथेला गोटुलची पार्श्वभूमी घ्यायची तर ज्यांच्या आज्या-आजोबांनी ते गोटुल बांधले, त्यांनी ती आधी वाचली पाहिजे.

गोंडांची कथा बाहेरच्यानं पुन्हा सांगितली की काय होतं, याचं एक जुनं उदाहरण आहे. गोंडांचे परंपरागत गायक परधान. देवांच्या, कुळांच्या आणि राजांच्या कथा तंतुवाद्यावर गाणं हा त्यांचा मान आणि चरितार्थ. नागपूरचे स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी आदिपुरुष लिंगोची गाथा उतरवून घेतली. १८६३ मध्ये ते बुडून वारले आणि रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये त्यांचे कागद छापले. मग कॅप्टन जेम्स फोर्सिथ यांनी मध्य भारताच्या डोंगराळ प्रदेशावरच्या १८७१ च्या पुस्तकात ती गाथा इंग्रजी पद्यात बसवली. छंद घेतला लाँगफेलो यांच्या ‘हायावाथा’चा. लाँगफेलोंनी तो फिनलंडच्या ‘कालेवाला’वरून घेतला होता. म्हणजे परधानांच्या गाण्याला अमेरिकेमार्गे फिनलंडचा ठेका मिळाला. फोर्सिथ यांच्या हेतूवर शंका घ्यायचं कारण नाही. त्या गाथेला इंग्रजी वाचक मिळाले हेही खरं. पण त्या छंदात परधानाचा आवाज ऐकू येत नाही.

कुणी आणि कशी सांगावी

पुनर्कथनाला आपल्याकडे नकार कधीच नव्हता. विजयदान देथांनी राजस्थानी लोककथेतून ‘दुविधा’ लिहिली. मणी कौल यांनी १९७३ मध्ये तिच्यावर चित्रपट केला. मग अमोल पालेकरांनी २००५ मध्ये ‘पहेली’ केला आणि शेवट बदलला: देथांच्या कथेत नवऱ्याच्या रूपात आलेलं भूत कोंडलं जातं, पालेकरांच्या चित्रपटात ते नायिकेकडे परत येतं. कुणी म्हणेल कथेची धार गेली, कुणी म्हणेल बाईला न्याय मिळाला. दोन्ही शेवट जिवंत आहेत आणि कथेचं त्यात काही बिघडलं नाही. गिरीश कार्नाडांचं ‘नागमंडल’ही अशाच, ए. के. रामानुजन यांच्याकडून मिळालेल्या लोककथांवर उभं आहे.

चंद्रपूर-गडचिरोलीला तर पुनर्कथनाचं स्वतःचं व्यासपीठ आहे. दिवाळीनंतर धानाची कापणी आटोपली की झाडीपट्टीची नाटकं सुरू होतात. वडसा हे त्या धंद्याचं मोठं केंद्र. गावोगाव मंडप पडतात, रात्रभर नाटक चालतं, विनोद असतो, लावणी असते, रडारड असते. दंडार आणि खडी गंमत या जुन्या प्रकारांतून ही रंगभूमी वाढली. २०२३ मध्ये तिथले नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. ज्या मुलखात हजारो माणसं पैसे देऊन, घोंगडी पांघरून पहाटेपर्यंत गोष्ट ऐकत बसतात, तिथं तरुणांच्या प्रेमकथेला वाचक नाहीत म्हणणं धाडसाचं आहे. पुस्तक त्यांच्यापर्यंत पोचत नाही, एवढंच खरं.

म्हणून ही कादंबरी लिहिली जावी. ती मराठीत असावी, संवादांत झाडीबोली यावी, जिथं माणसं गोंडी किंवा माडिया बोलतात तिथं तीही यावी. ती लिहिणारी मुलगी चंद्रपूरच्या, गडचिरोलीच्या किंवा अहेरीच्या कॉलेजातली असली तर उत्तम. तिनं गॅझेटियर वाचावं, पण त्याआधी गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडून आणि परधानांकडून गोष्ट ऐकावी. देवस्थानांचा आणि जिवंत माणसांच्या श्रद्धेचा मान राखावा. शेवट बदलावासा वाटला तर खुशाल बदलावा. एक गोष्ट मात्र बदलू नये: शकुनाचा अर्थ राणीच सांगते, आणि नगर तिच्या बुद्धीनं उभं राहतं. जगभरच्या लेखिकांना आपल्या नायिकांना हे बळ नव्यानं द्यावं लागलं. चंद्रपूरच्या कथेत ते आधीपासून आहे. आपण फक्त राणीला नाव द्यायचं आहे.